साहाय्य नाकारले गेल्यास : वृद्ध, निराधार व दिव्यांगांसाठी मोफत विधी सेवा

पेडणे तालुक्यातील एखाद्या गावातील पंचाहत्तरीकडे झुकलेल्या विधवेचे एक कल्पित उदाहरण घेऊ. तिचे माहेर सीमेपलीकडे, बांद्याच्या बाजूला. लग्नानंतर तिचे नाव बदलले. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, तर बँकेच्या पुस्तकात आडनाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले. शासनाकडून दरमहा मिळणाऱ्या २००० रुपयांत तिची रक्तदाबाची औषधे आणि थोडासा किराणा भागत असे. एका महिन्यात पैसे जमा झाले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाहीत. बँकेत विचारले तेव्हा ‘वरूनच आले नाहीत’ असे उत्तर मिळाले. पंचायतीत विचारले तेव्हा ‘पणजीला जाऊन चौकशी करा’ असा सल्ला मिळाला. पणजीला कोणाच्या सोबतीने जावे, हाच तिच्यापुढे प्रश्न. अखेर शेजारच्या कोणी तरी सांगितले, ‘नाव काढून टाकले असेल.’ ती गप्प बसली. सरकारने दिले होते, सरकारने काढून घेतले. त्यात आपण काय बोलणार, अशी तिची समजूत.

पेडणे व डिचोली तालुक्यांतील अनेक घरांत हीच समजूत आढळते. ती चुकीची आहे. शासकीय साहाय्य देण्याचा, नाकारण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय हा कायद्याच्या चौकटीतील निर्णय असतो. त्याचे कारण विचारता येते, तो चुकला असल्यास दुरुस्त करून घेता येतो, आणि त्यासाठी लागणारा वकिली सल्ला गरजू नागरिकास विनामूल्य मिळू शकतो. हा सल्ला कोणास, कोठे व कसा मिळतो, याची माहिती येथे दिली आहे.

दयेकडून हक्काकडे

गोव्यात निराधारांना मदत करण्याची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत ‘प्रोव्हेदोरिया’ या संस्थेमार्फत गरिबांना साहाय्य दिले जाई व वृद्धाश्रम चालविले जात. ही संस्था आजही सार्वजनिक साहाय्य संस्था म्हणून कार्यरत आहे. मात्र त्या काळातील मदतीमागची भावना दानधर्माची होती. देणारा देईल तेवढे घ्यावे आणि उपकार मानावेत, अशी ती रीत होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारतीय संविधान येथे लागू झाले. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्य, आजारपण व अपंगत्व अशा प्रसंगी नागरिकांना सार्वजनिक साहाय्य मिळावे यासाठी आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. या शतकाच्या आरंभी गोवा शासनाने सुरू केलेली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ही त्याच दिशेने टाकलेले पाऊल होय. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे नाव या योजनेस दिले आहे. त्यांचा जन्म पेडण्याचाच. साठ वर्षांवरील वृद्ध, विधवा व एकाकी स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती, तसेच एचआयव्ही-बाधित रुग्ण यांना समाज कल्याण खात्यामार्फत या योजनेखाली मासिक अर्थसाहाय्य मिळते. गोव्यातील पंधरा वर्षांचे वास्तव्य, मर्यादित उत्पन्न आणि दरवर्षी सादर करावयाचा हयातीचा दाखला या तिच्या ठळक अटी आहेत. साहाय्याचे दर व अटी शासन वेळोवेळी बदलते. म्हणून अर्ज करताना खात्याकडून त्या वेळची माहिती घेणे इष्ट ठरते.

हे साहाय्य नोकरीनंतर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासारखे कमावलेले नसते, हे खरे. परंतु शासनाने एकदा नियम ठरविले की ते सर्वांना सारखेच लागू झाले पाहिजेत, हे संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाचे सांगणे आहे. नियमात बसणाऱ्या एका वृद्धेला साहाय्य द्यायचे आणि तशाच दुसरीला कारण न सांगता वगळायचे, हे त्या अनुच्छेदात बसत नाही.

कारण सांगण्याचे बंधन

लाभार्थींची पडताळणी करणे हे खात्याचे कर्तव्यच आहे. मृत व्यक्तीच्या खात्यात पैसे जमा होत राहिले किंवा सधन व्यक्तीने खोट्या उत्पन्नावर लाभ घेतला, तर नुकसान खऱ्या गरजूंचेच होते. तेव्हा पडताळणी गैर नव्हे. प्रश्न असतो तो पडताळणीत खरा गरजू वगळला गेल्यास काय करावे, हा.

ज्याच्या हिताला बाध येणार आहे त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय करू नये, हे नैसर्गिक न्यायाचे मूलतत्त्व होय. मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली या तत्त्वास मोठे बळ दिले. न्यायिक स्वरूपाचे अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे नोंदविली पाहिजेत, असे त्याच न्यायालयाने १९९० साली एस. एन. मुखर्जी खटल्यात स्पष्ट केले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (घ) ने तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनच घातले आहे की, आपल्या प्रशासकीय निर्णयाची कारणे त्याने बाधित व्यक्तीस कळविली पाहिजेत. येथे हेही स्मरणीय आहे की, केंद्राचा कायदा होण्यापूर्वी, १९९७ साली, गोव्याने आपला स्वतंत्र माहिती अधिकार कायदा केला होता.

आरंभीच्या उदाहरणातील वृद्धेचे साहाय्य कशामुळे थांबले, हे तिला कोणी सांगितलेच नाही. हयातीचा दाखला पोचला नाही, नावातील तफावत आढळली, बँक खाते निष्क्रिय झाले, की उत्पन्नाविषयी तक्रार आली? चारही कारणांवरील उपाय वेगवेगळे आहेत. दाखला राहिला असल्यास तो देऊन काम भागू शकते. नावांत तफावत असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र व विवाहाचा पुरावा लागतो. खात्याचा प्रश्न बँकेत सुटतो. उत्पन्नाविषयी तक्रार असेल तर मात्र तिचे खंडन करावे लागते. कारणच ठाऊक नसेल तर माणूस भलत्याच दारी हेलपाटे घालतो. म्हणून लेखी कारण मागणे ही पहिली पायरी होय.

मोफत विधी सेवेची घडण

कायदा सर्वांना सारखा असला तरी वकिलाची फी सर्वांना सारखी परवडत नाही, ही अडचण जगभर जाणवली. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, नागरिकांना विनामूल्य सल्ला देणारी केंद्रे उघडण्यात आली. ती धर्मादाय संस्थेच्या रूपाने आजही चालतात. प्रौढांच्या देखभालीविषयी तेथील स्थानिक प्रशासनाने केलेल्या निर्णयाविरुद्ध दाद कशी मागावी, हेही तेथे सांगितले जाते. आपल्याकडे मुंबई सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी समिती नेमली होती. परंतु दीर्घकाळ हे कार्य काही कनवाळू वकिलांच्या सद्‌भावनेवरच अवलंबून राहिले.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३९-अ हा अनुच्छेद आला. आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही नागरिक न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावे, असे त्यात सांगितले आहे. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात, खटल्यावाचून वर्षानुवर्षे बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कैद्यांच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने मोफत विधी साहाय्याचे महत्त्व ठामपणे मांडले. पुढे संसदेने विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत केला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. म्हणूनच ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो. जे पूर्वी धर्मादाय होते ते या कायद्याने पात्र नागरिकाच्या हक्काचे झाले.

या कायद्यातील ‘विधी सेवा’ या शब्दाची व्याप्ती पुष्कळांना ठाऊक नसते. न्यायालयातील खटला एवढाच तिचा अर्थ नाही. कोणत्याही न्यायालयापुढील, न्यायाधिकरणापुढील किंवा अन्य प्राधिकरणापुढील प्रकरणात मदत करणे, तसेच कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे, हे सर्व तिच्यात मोडते. म्हणजे खात्याकडे करावयाचा फेरविचाराचा अर्जदेखील या सेवेच्या साहाय्याने लिहून घेता येतो.

कोण पात्र आहे?

अधिनियमाच्या कलम १२ नुसार पुढील व्यक्तींना विधी सेवा मिळते : अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके, दिव्यांग व्यक्ती, मानवी व्यापाराचे वा वेठबिगारीचे बळी, पूर, भूकंप, जातीय हिंसा यांसारख्या आपत्तीत सापडलेले, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, आणि शासनाने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असणारे.

यातील एक बारकावा ध्यानात घ्यावा. स्त्री, दिव्यांग अथवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागत नाही. परंतु केवळ वय झाले या कारणाने पुरुषास पात्रता येते, असे कलम १२ म्हणत नाही. बहुतेक वृद्ध पुरुष उत्पन्नमर्यादेखाली पात्र ठरतात. उत्पन्नाविषयी अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानता येते, अशी कलम १३ ची तरतूद आहे. मात्र प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे, असे समितीस वाटले पाहिजे.

सेवा कोठे मिळते?

राज्यस्तरावर गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरण, जिल्हास्तरावर उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुकास्तरावर तालुका विधी सेवा समिती अशी ही रचना आहे. पेडणे व डिचोली येथील नागरिकांना पणजीपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात जाऊन विधी सेवा समितीची चौकशी करावी. समितीच्या कार्यक्षेत्रातील ज्येष्ठतम न्यायिक अधिकारी तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. लिहिता न येणाऱ्याने तोंडी विनंती केली तरी चालते. त्याचा अर्ज तेथील कर्मचारी, वकील किंवा विधी स्वयंसेवक लिहून देतात. दूरध्वनीवरून सल्ला हवा असल्यास १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा क्रमांक आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा स्वतंत्र क्रमांक आहे.

सेवा मंजूर झालेल्या व्यक्तीने नेमलेल्या वकिलास फी द्यावयाची नसते. कोणी मागितल्यास ती बाब समितीच्या निदर्शनास आणावी. समितीने अर्ज नाकारला तर त्यावरही वरिष्ठांकडे अपील करता येते.

शासकीय व्यवस्थेच्या जोडीला विधी महाविद्यालयांचेही कार्य चालू असते. पणजीजवळ मिरामार येथील व्ही. एम. साळगावकर विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी विधी साहाय्य केंद्रांच्या द्वारे गावोगावच्या नागरिकांना कायद्याची माहिती देत आले आहेत. कायदा शिकणारा तरुण आणि कायद्याची गरज असलेला म्हातारा यांची गाठ पडणे दोघांनाही उपकारक ठरते.

अर्जदाराने काय करावे?

पहिली गोष्ट, लेखी कारण मागावे. एका साध्या कागदावर नाव, पत्ता, लाभार्थी क्रमांक व पैसे केव्हापासून थांबले ते लिहून खात्यास अर्ज द्यावा. अर्ज मराठीत लिहिला तरी चालेल. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी ही राजभाषा असून मराठीच्याही शासकीय वापराची तरतूद आहे. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. ज्याला जाणे अशक्य आहे त्याने अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट, उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली आपल्या प्रकरणातील टिपणे व आदेश यांच्या प्रती मागाव्यात. त्यासाठी १० रुपये शुल्क असते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस ते माफ आहे. ३० दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील व त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. शासनाने अधिसूचित केलेल्या सेवांबाबत, त्या ठराविक मुदतीत मिळाव्यात यासाठी गोव्याचा २०१३ चा कालबद्ध सेवा कायदाही आहे.

तिसरी गोष्ट, कारण कळल्यावर कागद जमवावेत. वास्तव्याचा दाखला, विवाह नोंदणीचा उतारा, मतदार यादीतील जुनी नोंद, बँकेचे पुस्तक, मागील वर्षांच्या हयातीच्या दाखल्यांच्या पोचपावत्या यांच्या छायाप्रती काढाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नयेत. सीमेपलीकडे जन्मलेल्या सुनांनी माहेरच्या नोंदीचा उतारा आधीच काढून ठेवल्यास पुढे ऐनवेळी धावपळ होत नाही.

चौथी गोष्ट, हे सर्व घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जावे. तेथील वकील प्रथम फेरविचाराचा अर्ज तयार करतील. बहुसंख्य उणिवा या टप्प्यावरच दूर होण्याजोग्या असतात. तेवढ्याने न भागल्यास लोकअदालतीचा मार्ग आहे. तेथे तडजोड झाली तर तिच्याविरुद्ध अपील नसते. म्हणून मजकूर पूर्ण समजल्यावाचून सही किंवा अंगठा करू नये. शासनाविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आणि निर्णय उघडपणे नियमबाह्य असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील खंडपीठाकडे दाद मागता येते. त्यासाठीही मोफत वकील मिळण्याची सोय आहे.

दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत तंटा पुष्कळदा टक्केवारीचा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली अनेक लाभांसाठी ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाचा निर्णय मान्य नसल्यास कलम ५९ नुसार अपील करता येते. याशिवाय राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार नेता येते.

घरात झालेले निर्णय

वृद्धांच्या देखभालीचा निर्णय दर वेळी कचेरीत होतो असे नाही. कित्येकदा तो घरातच होतो. पेडणे तालुक्यात मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि भोवतालच्या जमिनीकडे सर्वांचे लक्ष गेले. डिचोलीत २०१८ साली खाणी बंद पडल्या आणि अनेक कुटुंबांचे मासिक उत्पन्न खुंटले. दोन्हीकडे घरातील म्हाताऱ्यांवर सही करण्याचा आग्रह होणे किंवा त्यांची आबाळ होणे संभवते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या ज्येष्ठ नागरिकास उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अर्ज निकालात निघावा अशी अपेक्षा आहे. मान्य न झाल्यास ज्येष्ठ नागरिकाने ६० दिवसांत अपील करावे. ‘माझा सांभाळ करशील’ या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि सांभाळ झाला नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ही अट त्यात स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे ठरते.

या न्यायाधिकरणापुढे वकिलामार्फत बाजू मांडता येणार नाही, असे कलम १७ म्हणते. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली अधिवक्ता कायद्याच्या आधारे याविषयी वेगळा निर्णय दिला आहे. तथापि कलम १८ नुसार समाज कल्याण अधिकाऱ्याच्या दर्जाचा निर्वाह अधिकारी अर्जदार आई-वडिलांच्या वतीने बाजू मांडू शकतो आणि अर्ज तयार करण्यापुरता विधी सेवा समितीचा सल्ला घेण्यास कोणतीच आडकाठी नाही.

अधिकारी, शिक्षक व पंचायत यांचे कर्तव्य

या व्यवस्थेचे यश कायद्याच्या पुस्तकापेक्षा गावातील चार जाणत्या माणसांवर अधिक अवलंबून आहे. पंचायत सचिवाने विधी सेवा समितीची माहिती फलकावर लावावी. तलाठ्याने दाखला देताना नावातील तफावत दिसल्यास ती तेव्हाच सांगावी. शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांना एवढेच विचारावे की, घरच्या आजीचा हयातीचा दाखला यंदा गेला का? मुलांच्या तोंडून गेलेली आठवण सहसा वाया जात नाही.

कचेरीतील अधिकाऱ्यासही यात हित आहे. साहाय्य थांबविण्यापूर्वी लाभार्थीस समजेल अशा भाषेत चार ओळींची नोटीस गेली, उणीव दूर करण्यास मुदत मिळाली आणि आदेशात कारण नमूद झाले, तर पुढची अपिले व न्यायालयीन प्रकरणे आपोआप कमी होतील. खरा गरजू आणि खोटा लाभार्थी यांतील भेदही अशा चौकशीतूनच उघड होतो.

ग्रामीण भागात कोणतेही काम अडले की ओळखीच्या माणसाची शिफारस शोधण्याची प्रवृत्ती असते. शिफारशीने एखादे काम होतही असेल. पण ती ज्याला ओळख आहे त्याच्याच उपयोगी पडते. एकट्या राहणाऱ्या विधवेला, अंथरुणाला खिळलेल्या दिव्यांगाला बहुधा कोणाचीच ओळख नसते. त्यांच्यासाठीच कायद्याने तालुक्याच्या न्यायालयात हे दार उघडे ठेवले आहे.

उदाहरणातील वृद्धेकडे पुन्हा वळू. तिला लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत : थांबलेल्या साहाय्याचे एक लेखी कारण, दोन नावांविषयीचे एक प्रतिज्ञापत्र, एक पोचपावती आणि ते सारे मार्गी लावणारा एक विनामूल्य सल्लागार. मात्र यातील पहिले पाऊल ती एकटी टाकू शकत नाही. शेजारच्या कोणी तरी ‘नाव काढून टाकले असेल’ एवढेच सांगून न थांबता ‘चला, उद्या तालुक्याच्या न्यायालयात विचारून येऊ’ असे म्हटले पाहिजे. गावागावांतून असे म्हणणारा एक जरी माणूस तयार झाला, तर या कायद्याचा हेतू पुष्कळ अंशी सफल होईल.